विसरलेल्या खर्चाचा जाब

सिडकोने वसवलेल्या करंजाडेसारख्या वस्तीत घरभाडे आणि शाळेची फी भागवताना अनेक कुटुंबांची ओढाताण होते. तरीही त्याच घरांतून दरमहा काही रक्कम नकळत निघून जाते. चित्रपटांची दोन ॲप, गाण्यांचे एक. वापर केव्हाच थांबला, वर्गणी मात्र चालूच. समजा, अशा तीन वर्गण्या प्रत्येकी १९९ रुपयांच्या असतील, तर वर्षाला ७,१६४ रुपये होतात.

आपण म्हणाल, ही उधळपट्टी नव्हे, विस्मरण आहे. विस्मरणाला अल्लाहजवळ क्षमा आहे, हे खरे. परंतु रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून अशी आपोआप कपात होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावे लागते, आणि दिलेली परवानगी ग्राहकाला केव्हाही मागे घेता येते. संदेश वाचूनही आपण स्वस्थ बसलो, तर ते विस्मरण उरत नाही. संपत्ती ही अमानत आहे, ती कोठून मिळवली आणि कशात खर्च केली, याचा जाब कियामतच्या दिवशी द्यावा लागेल, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे.

मात्र वाचलेला पैसा नव्या चैनीत गेला किंवा नुसता साठवून ठेवला, तर काय साधले? सूरह बनी इस्राईलच्या २६व्या आयतीत आधी नातेवाईक, गोरगरीब आणि वाटसरू यांचा हक्क सांगितला आहे. उधळपट्टीची मनाई त्यानंतर येते. या क्रमाचा विचार करा. आपण जे उधळतो, त्यात दुसऱ्याचा हक्कही असतो. म्हणून बंद केलेल्या वर्गणीची रक्कम दरमहा त्याच तारखेला एखाद्या गरजू नातलगाच्या औषधपाण्यासाठी द्या.