त्याग कुणाचा?

बायको नर्सिंगला आहे. पोरगं दीड वर्षाचं. तिला वार्डात रात्रपाळी लागली की वस्तीतल्या बाया विचारतात, "लेकराला टाकून जातेस कशी गं?" मीही सूतगिरणीत रात्रपाळी करतो. मला आजवर एकानं विचारलं नाही.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी कारखान्यातल्या बाळंतिणीला भत्ता देणाऱ्या बिलाची बाजू घेतली. १९२९ ला कायदा झाला. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पण आधीच्या वर्षात ८० दिवस नोकरी भरलेली लागते. शिकणारी आई त्यात बसत नाही. आणि रजा संपल्यावर नोकरीची पुढली तीस वर्षं? तिथं कायदा पुरत नाही, नवराच लागतो.

पोर तापलं त्या रात्री मी घरीच होतो. तरी सकाळी ती आल्यावर म्हणालो, "सोड आता ते शिक्षण." ती म्हणाली, "तुम्ही गिरणी सोडता?" मी गप.

तिच्या त्यागावर मी कविता लिहिली होती. फाडली. बाईला त्यागी म्हटलं की आपल्याला भाकरी थापावी लागत नाही, दुपटी धुवावी लागत नाहीत. समतेवर भाषण ठोकायला निघालेल्या दोस्ता, आधी सांग, आज तुझ्या पोराजवळ कोण आहे?