कोळ्यांचे खळे

घाटकोपरहून येणारी मेट्रो शेवटच्या स्थानकावर थांबते तेव्हा फलकावर नाव असते वर्सोवा. वर्सोवा म्हणजेच वेसावे; पण वेसावे कोळीवाडा तिथून रिक्षा करावी लागते इतका लांब आहे. 8 जून 2014 रोजी मुंबईची ही पहिली मेट्रो धावू लागली आणि गावाचे नाव शेवटचा थांबा म्हणून लाखो प्रवाशांच्या तोंडी बसले. गाव मात्र त्या थांब्याच्या पलीकडे सुरू होते: एकमेकीला खेटून जाणाऱ्या गल्ल्या, मग बंदर, मालाड खाडीचे मुख, खाडीपलीकडे तरीने जायचे मढ, आणि पुढे दर्या.

साष्टी बेटावरचे हे गाव 1950 साली बृहन्मुंबईच्या हद्दीत आले. नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत उपनगर त्याच्या वेशीपर्यंत चालत आले. सात बंगला भरला, यारी रोड झाला, दलदलीवर भराव पडून लोखंडवाला संकुल उभे राहिले. आज टीव्ही मालिकांतली अर्धी मंडळी वेसाव्याच्या आसपास राहतात आणि गावाला ‘कोळीवाडा’ म्हणजे जणू आपल्या वस्तीतला एक जुना मोहल्ला समजतात. त्यात त्यांचाही फार दोष नाही. समुद्राकडे पाठ करून बांधलेल्या रस्त्यावरून कोळीवाडा तसाच दिसतो.

या गावाविषयी आणि मुंबईतल्या सगळ्याच कोळीवाड्यांविषयी गेली काही वर्षे जी चर्चा चालते ती घरांची असते. सीमांकन कधी होणार, कोळीवाडा झोपडपट्टीच्या यादीत का टाकला, गावठाणाचे नियम लागू करायचे की वेगळी नियमावली करायची, चटईक्षेत्र किती मिळणार, वाढवलेला मजला कायम होणार की पडणार. हे प्रश्न खोटे नाहीत. एका खोलीत दोन भावांचे संसार असतील तर घराचा प्रश्न पहिला येणारच. पण माझे म्हणणे असे की कोळीवाडा ही आधी कामाची जागा आहे, मग वस्ती. घरे वाचली आणि कामाची जागा गेली, तर उरेल ती समुद्राजवळची एक दाट वस्ती. तिला कोळीवाडा म्हणायचे कारण उरणार नाही.

कामाची जागा म्हणजे काय, हे बोंबलावरून नीट कळते. ताज्या बोंबलात सगळे पाणीच. बर्फावाचून तो काही तासांत नरमतो. एखाद्या उधाणाला डोल जाळी भरभरून आली की बाजारात भाव कोसळतो. अशा वेळी जास्तीचा माल फेकायचा नसेल तर वाळवायचा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी वलांडीच्या, म्हणजे वाळवणीच्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची. दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात तो लाकडासारखा होतो. जवळा जमिनीवर पसरतात, वाकट्या टांगतात, करंदीचे सोडे करतात. पावसाळ्यात बोटी बंद असताना घराघरांत जे शिजते आणि पावसाळ्याआधीच्या आगोटीच्या बाजारात कोळणींच्या टोपल्यांतून घाटावरच्या गावांपर्यंत जे पोचते, ते याच वाळवणीतून. ताज्या मासळीचा भाव लिलावात ठरतो आणि तिथे व्यापाऱ्याचा हात वर असतो. सुकी मासळी मात्र थांबू शकते. भाव नसेल तर ती डब्यात राहते आणि चार आठवड्यांनी विकली जाते. कोळी बाईच्या हातात जी थोडी मोकळीक आहे, ती या थांबण्यात आहे.

आणि त्यासाठी लागते ती मोकळी, वाऱ्याची, उन्हाची जमीन. ती कुणा एकाची नसते. अमक्या कुळाची वलांडी इथे, तमक्यांचा जवळा तिथे, हे सगळ्या गावाला ठाऊक असते आणि कागदावर कुठेच नसते. ऑक्टोबरपासून मेपर्यंत तिथे मासळी वाळते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत किनारा बोटींचा. बोटी वर ओढून शाकारायच्या, फळ्या बदलायच्या, रंग द्यायचा. जाळी नायलॉनची झाल्यापासून ती वाळवावी लागत नाहीत, पण फाटलेली डोल पसरून सांधायला अंगण पुरत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडायलाही हाच किनारा. एकच जमीन ऋतूप्रमाणे आणि भरती-ओहोटीप्रमाणे काम बदलते. डोल धरणाऱ्याचा दिवस घड्याळावर नसतोच. उधाणात प्रवाहाला जोर असतो तेव्हा त्याला उसंत नाही, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी, आली की बंदरावर शुकशुकाट. मोजणीदार नेमका त्या दिवशी आला, तर त्याच्या नकाशावर ही जागा ‘मोकळी’ म्हणून उमटते. मोकळ्या जागेचे मुंबईत काय होते ते सांगायला नको. पार्किंग, उद्यान, प्रसाधनगृह, सुशोभीकरण, सागरी रस्त्याच्या कंत्राटदाराचे आवार.

कायद्याला हे अगदीच कळलेले नाही असे नाही. 2011च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी स्वतंत्र कलम होते. 1981च्या विकास आराखड्यातले किंवा शासकीय दफ्तरातले कोळीवाडे नकाशावर दाखवून त्यांना ग्रामीण किनाऱ्याचे नियम लावावेत असे त्यात म्हटले होते. किनारा व्यवस्थापन आराखड्यात मच्छीमार गावांबरोबर त्यांच्या सामाईक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी वाळवण्याच्या जागाही आखाव्यात, हेही त्याच अधिसूचनेत लिहिलेले होते. वाळवणीचा शब्द भारत सरकारच्या राजपत्रात आहे, ही छोटी गोष्ट नव्हे. पुढे आराखडे झाले. त्यांत या जागा अपुऱ्या किंवा चुकीच्या दाखवल्या ही मच्छीमार संघटनांची तक्रार तेव्हापासून आजतागायत चालू आहे. कलम होते, पण ते जमिनीवर उतरवायला कुणी उन्हात उभे राहिले नाही.

समुद्रातल्या जागेचेही तसेच. वरळीच्या मच्छीमारांनी सागरी किनारा रस्त्याचे काम अडवले ते दोन खांबांमधल्या अंतरासाठी. आखणीत ते 60 मीटर होते. वारा आणि प्रवाह आडवे असताना लहान होडी त्यातून सुखरूप निघणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांत तेव्हा ‘विकासाला विरोध’ असे मथळे आले. बऱ्याच ओढाताणीनंतर 120 मीटर मान्य झाले. रस्ता झाला, आणि होड्यांना वाटही राहिली. आता वांद्रे–वर्सोवा सेतू आणि त्याच्या पुढचा दहिसर-भाईंदरकडे जाणारा रस्ता वेसाव्याच्या तोंडाशी येत आहे. वरळीत जे भांडून मिळाले ते इथे आखणीतच असायला काय हरकत आहे?

कोळी समाजाने मात्र सगळे दोष सरकारवर टाकू नयेत. वाळवणीच्या कडेने पहिली भिंत बाहेरच्याने घातली असे प्रत्येक ठिकाणी म्हणता येणार नाही. भाड्याच्या खोलीचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतात, दर्याचे येतातच असे नाही. मग मजला चढतो, अंगण जाते. बोटीवर तांडेल गावचा, खलाशी बहुतेक परराज्यातले. मुलगा अभियंता झाला तर नाखव्याला आनंदच होतो, आणि व्हावा. मोठ्या यांत्रिक बोटींनी लहान डोलकरांचा घास काढला त्यातही भांडवल काही वेळा कोळ्यांचेच होते. गावात एकी आहे, ती लग्नाला, होळीला आणि मोर्चाला दिसते. सामाईक जमिनीच्या हिशेबाला ती दिसेलच असे सांगता येत नाही.

तरीही शहराचे वागणे मला अधिक खटकते, कारण शहराला कोळी हवा आहे तो निवडून. वेसावकर आणि मंडळींची गाणी हळदीला हवीत. जानेवारीच्या सुमारास भरणाऱ्या मासळी महोत्सवात भरलेले पापलेट हवे, लुगडे नेसलेल्या आजीबरोबर फोटो हवा. महोत्सव वाईट नाही. त्यातून बायकांच्या हाताशी पैसा येतो. पण त्याच पापलेटाच्या शेजारी सुकट वाळते तेव्हा सोसायटीकडून वासाची तक्रार जाते. 2015च्या ऑक्टोबरपासून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जी प्रचंड स्वच्छता मोहीम झाली ती खरोखर मोलाची होती. संयुक्त राष्ट्रांनी 2016मध्ये तिच्या प्रवर्तकाचा गौरव केला, 2018च्या मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले त्या वाळूवर दिसली. प्लास्टिक कमी झाले तर त्याचा फायदा जाळ्यांनाही होतोच. फक्त स्वच्छ किनारा म्हणजे रिकामा किनारा, ही समजूत त्याबरोबर घट्ट होऊ नये. दोन पिढ्यांपूर्वी या शहरात आलेल्यांना चालायला वाळू मिळावी. पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेल्यांना ती पसरायलाही मिळावी.

गंमत अशी की देशाची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, 1961ची, याच वर्सोव्यात आहे. वाळवणीवर शास्त्र काय म्हणते ते पालिकेच्या अभियंत्याला विचारायचे असेल तर त्याला फार लांब जावे लागणार नाही.

एप्रिल 2025मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याला मिळते ते मच्छीमाराला मिळावे, हा त्याचा हेतू. चांगले झाले. पण शेतीच म्हणायचे तर ती पुरती म्हणावी. शेतकऱ्याला पीक काढल्यावर खळे लागते, आणि खळ्यावर बिनशेती आकारणी करून इमारत उठवा असे त्याला कुणी सांगत नाही. कोळ्याचे खळे म्हणजे वाळवण. सातबारा त्याच्या समुद्राला मिळणार नाही, पण या खळ्याला मिळू शकतो. तो एकेकाच्या नावाने नको, नाहीतर पहिल्याच मंदीत विकला जाईल. गावाच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या नावाने, विकता न येणारा आणि वापर न बदलता येणारा असा तो हवा, आणि त्या नोंदीवर बायकांच्या सह्या हव्यात, कारण तिथे राबतात त्या. कोळीवाड्यांची नियमावली ज्या टेबलावर तयार होते तिथे बसणाऱ्यांना एवढेच सांगणे: घरांच्या चौरस फुटांचा तक्ता भरण्याआधी वाळवण, बंदर आणि बोटी शाकारायच्या जागा यांची मोजणी घ्या, आणि ती मे महिन्यात घ्या.