अर्ज पोहोचल्यानंतर

‘याचना करणे’ आणि ‘दाद मागणे’ हे दोन शब्दप्रयोग आपल्या भाषेत शेजारी शेजारी नांदतात. पण त्यांचा अर्थ एक नव्हे. याचकाला मिळते ती भीक. ती द्यावी की न द्यावी हे दात्याच्या मर्जीवर. ‘दाद’ हा फारसीतून आलेला शब्द मात्र मुळात न्याय या अर्थाचा आहे. दाद मागणारा हात पसरत नाही; जे त्याचे आहे तेच तो मागतो. कागदावर मात्र दोन्ही अर्ज सारखेच दिसतात. दोन्हींच्या आरंभी आदराची संबोधने, दोन्हींच्या अखेरीस नम्रतेची सही. मग हा भेद ठरतो कशावरून? लिहिणाऱ्याच्या शब्दांवरून, की वाचणाऱ्याच्या वर्तनावरून? आणि अर्ज वाचून झाला, की वाचणाऱ्याच्या माथी काय उरते? या प्रश्नांचा विचार अमेरिकेच्या इतिहासातील एका छोट्या कालखंडाच्या आधारे आपण करू या.

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले. सुमारे चाळीस लक्ष गुलाम मुक्त झाले. त्यानंतरच्या बारा वर्षांना, म्हणजे १८६५ ते १८७७ या काळाला, तेथील इतिहासकार ‘पुनर्रचनेचा काळ’ म्हणतात. १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट केली, १८६८ च्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले, १८७० च्या दुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. कायद्याच्या पुस्तकात इतके झाले. परंतु खेड्यापाड्यांत कायदा पोहोचवणार कोण? तेथील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो राज्याच्या कारभाराचा प्रत्यक्ष प्रमुख असतो. राज्याचे सैनिकी दल त्याच्या हुकमतीखाली असते. साहजिकच या काळात दक्षिणेकडील गव्हर्नरांच्या कचेऱ्यांत पत्रांचा व अर्जांचा ढीग साचला. विधवा मदत मागत होत्या, कैद्यांची माणसे शिक्षेत सूट मागत होती, कोणी नोकरी मागत होते. आणि कालचे गुलाम जिवाचे रक्षण मागत होते. एकट्या मिसिसिपी राज्याच्या अभिलेखागारात अशी हजारो पत्रे जतन केलेली आहेत.

या शेवटच्या अर्जदारांची स्थिती क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. युद्धापूर्वी अनेक दक्षिणी राज्यांत गुलामाला लिहावाचावयास शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे पुष्कळांना सही येत नसे. लिहिणारा एखादा शिक्षक, पाळक किंवा सैन्यातून परतलेला शिपाई. बाकीच्यांनी आपल्या नावापुढे केवळ फुलीची खूण केलेली. सभा भरे ती बहुधा त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये, कारण दुसरी जागाच त्यांच्या मालकीची नव्हती. अशा कागदावर फुली करणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या कागदावरील नाव गावातील मारेकऱ्यांच्या कानी गेले, तर त्याच रात्री दारावर थाप पडण्याची भीती होती. तरीही त्यांनी खुणा केल्या. भाषा कितीही नम्र असो, ती फुली सांगत होती: या राज्याचा मी नागरिक आहे आणि माझ्या जिवाचा जाब तुम्हांला द्यावा लागेल. भिकाऱ्याच्या भाषेत लिहिलेली ती दाद होती.

परंतु अर्ज केवळ दुर्बळच करतात असे नाही. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी २९ मे १८६५ रोजी बंडखोरांसाठी माफीचा जाहीरनामा काढला. त्यातून चौदा वर्गांतील लोक वगळले होते; वीस हजार डॉलरांहून अधिक मालमत्ता असलेले बंडखोर त्यांपैकीच. अशांनी माफीसाठी स्वतंत्र अर्ज करावयाचा होता आणि त्यावर हंगामी गव्हर्नरांच्या शिफारशीला मोठे वजन होते. असे सुमारे पंधरा हजार अर्ज आले आणि बहुतेकांना अल्पावधीतच माफी मिळाली. माफीबरोबर जमिनीही परत मिळाल्या. त्यांत मुक्त गुलामांनी कसावयास घेतलेल्या काही जमिनीही होत्या. शस्त्र उचलणाऱ्या श्रीमंताचा अर्ज मान्य होण्यास काही महिने पुरले, आणि ज्याने कधी कोणाविरुद्ध शस्त्र उचलले नव्हते त्याच्या अर्जाला कित्येकदा उत्तरच आले नाही. क्षमा ही थोर गोष्ट आहे, हे आम्हांला कोणी सांगावयास नको. तथापि एकाला दिलेल्या क्षमेची किंमत दुसऱ्याच्या भाकरीतून वसूल झाली, तर तिला क्षमा म्हणावे की सवलत?

अर्जांची आणखी एक जात होती. १८६५ च्या शरद ऋतूत दक्षिणेत अफवा पसरली की नाताळाच्या सुमारास मुक्त गुलाम उठाव करून गोऱ्यांची कत्तल करणार. घाबरलेल्या प्रतिष्ठित नागरिकांनी गव्हर्नरांकडे धाव घेतली. मिसिसिपीचे गव्हर्नर बेंजामिन हम्फ्रीज यांच्या राज्यात सशस्त्र पथके कृष्णवर्णीयांच्या झोपड्या झडतीस घेऊन त्यांच्या बंदुका काढून घेऊ लागली. परवान्यावाचून मुक्त गुलामाने शस्त्र बाळगू नये असा कायदाही त्याच वर्षी तेथे झाला. नाताळ आला आणि गेला. उठाव झालाच नाही. ज्यांना भ्यावयास कारण नव्हते त्यांचे भय ऐकले गेले. ज्यांना होते ते निःशस्त्र झाले. म्हणून ‘प्रत्येक अर्जदाराचे ऐकावे’ एवढे म्हणून भागत नाही. सह्या किती आहेत, अक्षर किती वळणदार आहे, अर्जदार किती वजनदार आहे, यांवरून सत्य ठरत नाही. अर्जात ज्यांच्यावर आरोप आहे तेही आपलीच प्रजा आहेत, याचे भान ठेवून जो वाचतो त्यालाच वाचता येते, असे म्हणावे लागेल.

आता ज्यांनी वाचले अशा दोन गव्हर्नरांकडे वळू या.

विल्यम होल्डन हे उत्तर कॅरोलायनाचे १८६५ मधील हंगामी गव्हर्नर. माफीचे अर्ज त्यांच्याच टेबलावरून पुढे गेले होते. १८६८ साली ते निवडून आले, तेव्हा टेबलावर येणारी पत्रे निराळी होती. ‘कू क्लक्स क्लॅन’ या गुप्त टोळीचे लोक रात्री तोंडे झाकून घरांवर चालून येत, फटके मारीत, खून करीत. स्थानिक पोलीस व पंच त्यांचेच सोबती असल्याने शिक्षा कोणालाच होत नसे. २६ फेब्रुवारी १८७० च्या रात्री अलामान्स परगण्यातील ग्रॅहम गावी वायट आउटलॉ या कृष्णवर्णीय पुढाऱ्याला घरातून ओढून नेऊन कचेरीच्या चौकातील झाडावर फाशी देण्यात आले. मे महिन्यात कॅसवेल परगण्यात जॉन स्टीफन्स या गोऱ्या राज्य-सिनेटरचा खुद्द न्यायालयाच्या इमारतीत खून झाला. होल्डन यांनी हे दोन परगणे बंडाच्या स्थितीत असल्याचे जाहीर केले, सैन्य धाडले आणि शंभराच्या आसपास लोकांना पकडले. मात्र न्यायालयाने कैद्यांना हजर करण्याचा हुकूम दिला असता त्यांनी तो मानला नाही. टीका करणाऱ्या एका संपादकालाही अटक झाली. ऑगस्टच्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. नव्या विधिमंडळाने त्यांच्यावर महाभियोग चालवला आणि मार्च १८७१ मध्ये त्यांना पदच्युत केले. अमेरिकेत महाभियोगाने पदावरून दूर झालेले ते पहिले गव्हर्नर.

मिसिसिपीत १८७५ साली अॅडेलबर्ट एम्स गव्हर्नर होते. नोव्हेंबरात निवडणूक होती. कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यासाठी सशस्त्र टोळ्या सभा उधळीत होत्या. सप्टेंबरात क्लिंटन येथे रक्तपात झाला. रक्षण करा अशी विनवणी करणारी पत्रे ठिकठिकाणांहून एम्स यांच्याकडे येऊ लागली. त्यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे फौज मागितली. म्हणजे अर्ज वाचणारा आता स्वतःच अर्जदार झाला. ग्रँट यांच्या वतीने महान्यायवादी एडवर्ड्स पिअरपाँट यांनी उत्तर धाडले. दक्षिणेतील दरवर्षीच्या या दंगलींना सारी जनता कंटाळली आहे, असा त्याचा आशय होता. एम्स यांनी राज्याचे दल उभारावयास घेतले होते. परंतु आणखी रक्त सांडेल या भयाने ऑक्टोबरात विरोधकांशी समझोता करून त्यांनी ते विसर्जित केले. विरोधकांनी वचन पाळले नाही. निवडणूक दहशतीने जिंकली गेली आणि मार्च १८७६ मध्ये महाभियोगाच्या सावटाखाली एम्स यांनी राजीनामा दिला. मिसिसिपीचे कृष्णवर्णीय काँग्रेस-सदस्य जॉन लिंच यांनी पुढे लिहून ठेवले आहे, की फौज पाठवली तर ओहायो राज्यातील निवडणूक हातची जाईल, असे आपल्याला सांगण्यात आले होते, ही कबुली ग्रँट यांनी त्यांच्यापाशी दिली.

लूकच्या शुभवर्तमानातील विधवा व अन्यायी न्यायाधीश यांचा दृष्टान्त आपल्या वाचकांना आठवेल. तो न्यायाधीश देवाला भीत नव्हता, माणसांची पर्वा करीत नव्हता. तरी रोजच्या कटकटीला कंटाळून का होईना, त्याने न्याय दिला. वॉशिंग्टनमध्ये तोच कंटाळा न्याय नाकारण्याचे कारण ठरला. अर्थात, दृष्टान्तातील न्यायाधीश स्वतः कंटाळला होता, कारण विधवा त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहत होती. वॉशिंग्टनमध्ये कंटाळली ती ‘जनता’. आणि विधवा फार दूर होती.

होल्डन यांनी बळ वापरले आणि पद गमावले. एम्स यांनी बळ आवरले आणि पद गमावले. तेव्हा कोण बरोबर, हे परिणामांवरून ठरवता येत नाही. कायदा वाचवण्यासाठी कायदा मोडणे हे होल्डन यांच्या माथी राहते; त्यातून पुढच्या कोणत्याही सत्ताधीशाला वाईट उदाहरण मिळते. एम्स यांच्या संयमाची किंमत इतरांनी मोजली, हेही खरे. पण एक गोष्ट दोघांच्या बाबतीत समान आहे: ‘आम्हांला ठाऊक नव्हते’ असे त्यांना म्हणता येत नव्हते. आमच्या मते अर्जाचे खरे नैतिक कार्य हेच. तो पोहोचण्यापूर्वी अन्याय करणारा आणि सोसणारा असे दोनच पक्ष असतात. तो वाचला गेला, की तिसरा माणूस त्यात ओवला जातो. त्याच्या हाती सामर्थ्य थोडे असेल, तर उत्तरदायित्वही तेवढेच थोडे. पण ते शून्य कधीच होत नाही. कागद वरच्या कचेरीकडे पाठवता येतो. जाणीव पाठवता येत नाही.

याच काळाशी आपल्या महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केल्याबद्दल कृतज्ञतेने अर्पण केला. पुण्यातून दिसत होते ते दिलेले वचन. त्याच वर्षांत ते वचन मोडलेही जात होते. तरी फुल्यांची कृतज्ञता चुकली असे आम्हांला वाटत नाही. वचन मोडणाऱ्यांमुळे वचन खोटे होत नाही. १८८२ साली शिक्षण आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी निवेदन मांडताना फुल्यांनीही तीच वाट धरली: राज्यकर्त्याला लेखी कळवावे, म्हणजे त्याची अज्ञानाची सबब संपते.

मग उत्तर न आलेले ते अर्ज वाया गेले काय? मिसिसिपीच्या निवडणुकीची चौकशी १८७६ साली सिनेटच्या समितीने केली, तेव्हा एम्स यांना आलेली पत्रे पुराव्यादाखल छापली गेली. दोषींना शासन झाले नाही. पण साक्ष नोंदली गेली. पुढे कित्येक दशके शाळांतील पुस्तकांनी मुक्त गुलामांना अजाण, दुसऱ्यांच्या हातचे बाहुले म्हणून रंगवले. ड्यु बॉइस यांनी १९३५ साली त्या चित्राला आव्हान देणारा मोठा ग्रंथ लिहिला, आणि नंतरच्या अभ्यासकांनी जी कागदपत्रे उघडली त्यांत हे अर्जही होते. फुली करणाऱ्यांना आपण काय मागत आहोत हे पुरते ठाऊक होते, हे ते वाचणाऱ्याला दिसतेच. २०११ साली उत्तर कॅरोलायनाच्या सिनेटने एकमताने होल्डन यांना क्षमा केली. एकशे चाळीस वर्षांनी एका गव्हर्नरला क्षमा मिळाली. झाडावर लटकवलेल्या माणसासाठी दाद मागणाऱ्यांना ती वेळेवर मिळाली नव्हती. उशिरा मिळालेला न्याय इतिहासाचा हिशेब नीट करतो. मेलेल्याच्या घरातील चूल पेटवीत नाही.

वाचकहो, गव्हर्नरांची टेबले आपल्यापासून दूर आहेत. परंतु ग्रामपंचायतीत, पतपेढीत, शाळेच्या व्यवस्थापनात, धर्मग्रामाच्या मंडळात आपल्यापैकी कोणी ना कोणी बसतोच, आणि त्याच्यापुढे वेड्यावाकड्या अक्षरांतला एखादा कागद येतोच. तो कागद याचना आहे की दाद, हे लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. आपल्या हाती राहते ते इतकेच: कागद पूर्ण वाचावा, ज्याच्याविरुद्ध तो आहे त्याचेही ऐकावे, आपल्याला जे करता येईल ते त्याच आठवड्यात करावे आणि जे करता येणार नाही ते त्याला तोंडावर सांगावे. नकारसुद्धा उत्तर असतो. मौन मात्र त्या माणसाला सांगते, की तू लिहिलेसच नाहीस.