पंप राहिला गॅलरीत

बंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या चिंचोळ्या क्रॉस रस्त्यांतून कॅरव्हॅन बाहेर काढणं हीच पहिली परीक्षा. व्यंकोजीराजांची आठवण जपणाऱ्या काडू मल्लेश्वराला हात जोडून आमचे मराठी शेजारी काका-काकू कच्छ, जैसलमेरकडे निघाले.

कच्छच्या छोट्या रणात रानगाढवांचं अभयारण्य आहे, सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरचं. जमीन मोठी फसवी. वर मिठाची कडक पापडी, खाली चिखल. मागचं चाक रुतलं, ओट्यावरचा डबा उपडा झाला आणि गाडीभर पोहेच पोहे. काका जॅक शोधतायत, तर काकू म्हणतात, "अहो, आधी केरसुणी द्या, चाक मग बघा!"

पुढे जैसलमेरजवळचं डेझर्ट नॅशनल पार्क, 3162 चौरस किलोमीटर. इथे वाळू. काकांनी टायरमधली हवा थोडी सोडली. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं, गाडी रुतत नाही. डांबरी रस्त्याला लागताना हवा पुन्हा भरायची, आणि पंप मल्लेश्वरमच्या गॅलरीत! एका ट्रॅक्टरवाल्याने हवा भरून दिली. पैसे नाही घेतले, चहा मात्र आवडीने प्यायला.

तिथला माळढोक पक्षी काही दिसला नाही. कसा दिसणार? देशात उरलेत दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक राजस्थानात. उडताना विजेच्या तारा चुकवणं त्याला जमत नाही. याच पक्ष्यासाठी 1979 साली आपल्या सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य झालं होतं.

हिवाळ्यात कच्छ-जैसलमेरकडे जाणार असाल तर पंप आठवणीने घ्या. आणि आखलेली वाट सोडून गाडी घालू नका. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच.