सोडलेला दगड आणि फेकलेला दगड

उंचावरून नुसता सोडलेला दगड आणि जोर लावून फेकलेला दगड, या दोहोंत कर्त्याचा वाटा सारखाच असतो का, हा प्रश्न फाशांच्या खेळात जसा येतो तसाच तो दर्शनशास्त्रातही येतो. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीत पात्र वरून पडले, तर दर १० फुटांमागे सहा बाजूंचा एक फासा टाकून इजा ठरवतात. फासे २० पर्यंतच. हातातला भाला फेकला, तर फेकणाऱ्याची ताकद इजेत मिळवतात. पण उडणाऱ्या पात्राने शत्रूच्या डोक्यावर ऐरण सोडली तर काय धरायचे? वजन, उंची की सोडणाऱ्याचे बळ? हा निवाडा बहुतेक वेळा खेळ चालवणाऱ्यावरच येऊन पडतो.

वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाची फोड फार बारकाईने केलेली आहे. या दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांच्या परिभाषेत कर्म म्हणजे हालचाल. तिचे प्रकार पाच, आणि त्यांतले पहिले दोन उत्क्षेपण व अवक्षेपण, म्हणजे वर फेकणे आणि खाली टाकणे. पडण्याचे कारण गुरुत्व, वस्तूचा जडपणा. तो पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांत असतो. भाष्यकार प्रशस्तपादांच्या मते गुरुत्व इंद्रियांना कळत नाही, पडण्यावरून त्याचे अनुमान करावे लागते. त्याला रोखणाऱ्या गोष्टी तीन: संयोग, प्रयत्न आणि वेगाचा संस्कार.

यांतला संयोग अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरात उघड दिसतो. वालधुनी नदीच्या काठचे हे शिलाहारकालीन मंदिर. शिलालेखातले वर्ष शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. मंडपात मान वर केली की कोरीव काळ्या दगडांचे थर एकावर एक, प्रत्येक थर थोडा आत सरकवून, घुमटाकार रचलेले दिसतात. साडेनऊशे वर्षांत त्या दगडांचा जडपणा कणभरही कमी झालेला नाही. शेजारच्या दगडाने तो थोपवून धरला आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की मात्र वर शिखराचा माथा नाही, आकाशच दिसते.

प्रयत्नासाठी वैशेषिकांचे उदाहरण कांडणाचे आहे. मुसळ उचलले जाते ते कांडणाऱ्याच्या इच्छेने. पण उखळात आपटून ते उसळते आणि त्याबरोबर हातही वर जातो, तेव्हा ते वर जाणे इच्छेचे नसते. हात तोच, मुसळ तेच, तरी कर्त्याचा वाटा निराळा. संस्काराचे उदाहरण बाणाचे: धनुष्यातून मिळालेला वेग टिकतो तोवर बाण पुढे जातो, वेग सरला की गुरुत्वाने खाली येतो.

या हिशेबाने फेकणारा आपले बळ वस्तूत घालतो, तर सोडणारा आपले बळ काढून घेतो. तेव्हा भाल्याला ताकद मिळवणे बरोबर आहे आणि सोडलेल्या ऐरणीला ती मिळवणे चूक आहे. उंची मात्र धरलीच पाहिजे. अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रहा’त गुरुत्व हे पहिल्या पडण्याचेच कारण मानले आहे, पुढच्या प्रत्येक क्षणाचे पडणे आधीच्या क्षणी आलेल्या वेगातून होते.

वाटा ठरला म्हणून दोष ठरत नाही. दोषाचा विचार विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथात, पाराजिकाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे, आणि तोही पडणाऱ्या दगडाचाच. आळवी येथील भिक्खू विहार बांधत होते. खालच्याने दगड वर दिला, वरच्याला तो नीट धरता आला नाही, खालच्याच्या डोक्यावर पडला आणि तो मेला. बुद्धांनी आधी हेतू विचारला. मारायचा हेतू नव्हता, म्हणून आपत्ती, म्हणजे नियमभंगाचा दोष, नाही. हेतू असता आणि मृत्यू आला असता, तर पाराजिक, म्हणजे संघातून कायमचे बाहेर. हेतू असूनही मृत्यू आला नाही, तर थुल्लच्चय, पाराजिकापेक्षा हलकी, पण गंभीर आपत्ती. तिन्ही प्रसंगी दगड तोच आणि उंची तीच. फासा केवळ परिणाम मोजतो. इथे हेतू आणि परिणाम दोन्ही मोजले आहेत.

या निवाड्यात पकड ढिली राहिल्याची नोंद आहे, पण तिला दंड नाही. संघातून काढण्याइतक्या मोठ्या शिक्षेसाठी हेतूची अट योग्यच आहे. तरीही नीट धरणे हा प्रयत्न आहे आणि तो वरच्या भिक्खूकडे होता. त्याचा वाटा शून्य म्हणता येत नाही. हा मधला वाटा आजच्या कायद्याने वेगळा काढला आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार हेतू नसला तरी निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू घडवणे हा गुन्हा ठरतो.