समोर आईचा चेहरा हवा

सिंदेवाहीकडच्या लेकराची रंगमंचाशी पहिली गाठ बहुधा तान्ह्या पोळ्याला पडते. मोठ्या पोळ्याचे बैल आदल्या दिवशीच तोरणाखालून गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, लाकडी नंदी ओढत पोरं चौकात जमतात. कुणी कृष्ण, कुणी डोईला फेटा बांधलेला शेतकरी, कुणी काजळाच्या मिशा काढलेले शिवराय. नागपूरकर दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी मुलांसाठी हा सण सुरू केला असं विदर्भात सांगतात. पोरांना बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळतात, वेशभूषेची स्पर्धा होते. पण दोन-अडीच वर्षांच्या लेकराला यातलं काय ठाऊक? त्याला एवढंच कळतं, की आपल्याला कडेवरून उतरवून उंच जागी उभं केलं आणि एवढी सगळी माणसं एकदम आपल्याकडेच पाहू लागली.

मग थंडीत शाळा-अंगणवाडीचं गॅदरिंग, पाठोपाठ २६ जानेवारी. धान घरात आलेलं असतं, लोकांना सवड असते. गाणं सुरू होतं आणि रांगेतलं एक पोरगं जोरात नाचतं, दुसरं शेजारणीची ओढणी धरतं, तिसरं रडत सरळ मंचाखाली उतरतं. आणि एखादं नुसतं उभं राहतं. हात खाली, तोंड किंचित उघडं, नजर समोरच्या गर्दीवर फिरत असते. विंगेतून बाई हातवारे करून दाखवतात, मदतनीस मावशी पायाचा ठेका धरतात, पण ते हलत नाही. लोक हसतात. ‘घाबरला गा,’ कुणीतरी म्हणतं.

मला हे उभं राहणं नुसतं घाबरणं वाटत नाही. त्या फिरणाऱ्या नजरेकडे नीट पाहिलं तर ती कुणाला तरी शोधत असते.

१९८५ साली अमेरिकेतल्या चार संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्षभराच्या बाळांना त्यांनी काच बसवलेल्या एका टेबलावर सोडलं. काचेखाली मध्येच खोलगट भाग दिसत होता, फार खोल नाही, पुढे जावं की नाही असा संभ्रम पडावा एवढाच. पलीकडे खेळणं होतं आणि आई होती. आईने काही बोलायचं नव्हतं. चेहरा हसरा ठेवायचा, नाहीतर भेदरलेला. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. चेहरा भेदरलेला होता तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. जागा धोक्याची की निर्धोक, याचा निकाल बाळ पायाखाली पाहून लावत नव्हतं. आईच्या तोंडाकडे पाहून लावत होतं.

मंचावरचं आपलं लेकरूही तेच करतं. इतक्या डोळ्यांचं काय करायचं, हे ते ओळखीच्या दोन डोळ्यांना विचारतं. आणि नेमक्या त्या क्षणी आई काय करत असते? मोबाइल वर धरून व्हिडिओ घेत असते. बाबाही घेतात, काकाही घेतात. लेकराची नजर आईपर्यंत पोचते, पण चेहऱ्याच्या जागी एक काळी चौकट असते. ज्या हसण्यावर ते पहिलं पाऊल टाकणार होतं, ते हसणं फोनमागे राहून गेलं. आईचं प्रेम कमी नाही. हा क्षण पुन्हा येणार नाही म्हणूनच ती तो साठवू पाहते. तरी मला कळकळीने वाटतं, की त्या तीन मिनिटांच्या गाण्यात आईचे हात मोकळे असावेत. गावातला एखादा थोरला पोरगा सगळ्यांसाठी एकच व्हिडिओ घेऊ शकतो. आईच्या जागी बसायला दुसरं कुणी मिळणार नाही.

हे आपल्या भागात अवघड जाऊ नये, कारण पाहण्याची रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या या झाडीपट्टीत नाटकं चालतात. कापणी झालेल्या मोकळ्या बांदीत मंच उभा राहतो, रात्री पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत माणसं थंडीत बसून असतात. गावात मंडईची जत्रा असली की पाहुण्यांनी घर भरतं आणि सगळं घर नाटकाला जातं. वडसा हे या नाटक मंडळ्यांचं मोठं केंद्र. आपल्या तालुक्यातल्या नवरगावचंही नाव नाटकासाठी घेतलं जातं. गडचिरोलीचे झाडीपट्टीतले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या रात्रींची दखल दिल्लीने घेतली. त्या गर्दीत शालीत गुंडाळलेली, आईच्या मांडीवर झोपलेली लेकरं असतात. मध्येच हार्मोनियम चढते, प्रवेश रंगतो, लेकरू जागं होतं, उजेडातल्या माणसांकडे टक लावून पाहतं आणि परत झोपतं. म्हणजे इथलं मूल मंचावर चढण्याआधी प्रेक्षक होऊन गेलेलं असतं. उजेडात एक माणूस उभा असतो आणि अंधारातली माणसं त्याला सांभाळून घेतात, हे त्याने झोपेतून का होईना पाहिलेलं असतं. त्याच्या पाळीलाही ती माणसं तशीच असावीत, एवढीच त्याची अपेक्षा.

आणखी एक गोष्ट आयोजकांनी मनावर घ्यावी. लहानग्यांचा नाच शेवटी ठेवू नये. पाहुण्यांची भाषणं आणि सत्कार होईपर्यंत ती पेंगुळतात, रंग लावलेली तोंडं खाजवतात, भुकेली होतात. त्यांना अगदी सुरुवातीला, उजेड असतानाच मंचावर आणावं. आया पुढच्या सतरंजीवर बसाव्यात. आणि तीन वर्षांच्या आतल्यांना पहिला-दुसरा क्रमांक कशासाठी? तान्ह्या पोळ्याचा बोजारा नंदी घेऊन दारात आलेल्या प्रत्येकाला मिळतो, कुणाचा नंदी मोठा हे पाहून नाही. तोच हिशेब मंचावर लावला तर एकही लेकरू हिरमुसून घरी जाणार नाही.

जे उभंच राहिलं, त्याच्या घरी त्या रात्री जरा नाराजी असते. ‘घरी किती छान करत होता!’ आजी मात्र त्याला जवळ घेते, पावडर पुसते, भात भरवते. त्याला कुणी रागावू नये. ते उभ्या उभ्या काम करत होतं. दुसऱ्या दिवशी पाहा, ओट्यावर ते सगळं गाणं नाचून दाखवतं. स्वतःचा हावभाव, शेजारणीची गिरकी, विंगेतल्या बाईंचे हातवारे, आणि शेवटी माइकवरच्या सरांसारखं खाकरून, ‘हॅलो, हॅलो, टाळ्या!’