चार्ज देताना

'चार्ज देणे' हा शब्दप्रयोग आपल्या बोलीत इतका रुळला आहे, की त्याचे विलायती मूळ आता कोणास आठवतही नाही. कपाटाच्या किल्ल्या, हजेरीच्या वह्या, सामानाची यादी ही एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि दोघांच्या सह्या झाल्या, म्हणजे चार्ज दिला असे आपण समजतो. गेल्या वर्षअखेरीस एका तरुण प्राध्यापकाने केलेल्या प्रश्नामुळे या समजुतीचा मला पुन्हा विचार करावा लागला. हे गृहस्थ तासिका तत्त्वावर नेमलेले होते. सातारा-सांगलीकडील महाविद्यालयांतून असे कितीतरी तरुण आज शिकवीत आहेत; तासागणिक मेहनताना, वर्ष सरताच नेमणूक समाप्त, आणि पुढील वर्षी पुनश्च मुलाखत. या खेपेस त्यांच्या जागी दुसऱ्याची निवड झाली होती. वह्या माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "सर, यादीतलं सगळं दिलं. यादीत नाही ते सांगायला मी बांधलेला आहे का?"

प्रश्न उद्धट नव्हता, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे उत्तरही सोपे होते. शिवाय ज्याला वर्षभर उपऱ्यासारखे वागविले, त्याने निघताना मात्र घरच्या माणसाच्या मायेने वागावे, अशी अपेक्षा करणाराने आधी आपले वर्तन तपासून पाहिलेले बरे.

मुदतीची नोकरी आपल्या शिक्षणक्षेत्रास नवीन नाही. 1884 साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्यास स्वतःस बांधून घेत. 1919 साली सांगलीस निघालेले विलिंग्डन कॉलेज याच संस्थेचे. गोखल्यांनी आपली सेवा पुरी करून 1902 साली फर्ग्युसनचा निरोप घेतला. टिळक त्यापूर्वीच, 1890 साली, मतभेदांचा सविस्तर पाढा राजीनाम्यात वाचून बाहेर पडले होते. आमच्या कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आगरकर प्राचार्यपदी असतानाच 1895 साली वारले. त्यांना कोणास काही सोपविण्यास अवसरच मिळाला नाही. परंतु या सर्वांनी मुदत आपण होऊन स्वीकारली होती, आणि संस्था त्यांची स्वतःची होती. आजच्या तासिकावाल्यास ती मुदत दुसऱ्याने घातलेली असते. गोखल्यांचा दाखला देऊन त्यास उपदेश करणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

साताऱ्याच्या इतिहासात मात्र चार्ज देण्याचा एक विलक्षण प्रसंग आहे. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याचा कारभार कॅप्टन जेम्स ग्रँट, म्हणजे पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, याच्याकडे आला. 25 सप्टेंबर 1819 च्या तहाने राज्य प्रतापसिंह महाराजांचे ठरले; तथापि कारभार काही काळ ग्रँटनेच पाहावा आणि तेवढ्या अवधीत महाराजांनी तो शिकून घ्यावा, अशी योजना होती. 1822 च्या एप्रिलात सर्व अधिकार महाराजांस मिळाले. ग्रँटने शिकविण्यात कुचराई केल्याचे दिसत नाही, आणि महाराज तर कामाचे मोठे हौशी. पण ही सुपूर्ती होती काय? किल्ली दिली, आणि देणाऱ्या सरकारचा रेसिडेंट दाराशी बसून राहिला. ग्रँट प्रकृती खालावल्यामुळे लवकरच स्वदेशी गेला, तेव्हा पुढील गोष्टींचा बोल त्यास लावता येत नाही. परंतु 1839 साली त्याच महाराजांस पदच्युत करून काशीस धाडण्यात आले आणि 1848 साली राज्यच खालसा करण्याचे ठरले. परत घेण्याचा हक्क राखून दिलेल्या वस्तूस फार तर ठेव म्हणता येईल.

माझा स्वतःचा अपराध याच्या उलट जातीचा आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका महाविद्यालयात मी एका सत्रापुरता नेमलेला होतो. दिवाळीनंतर माझ्या जागी जे आले, ते माझ्याहून कमी योग्यतेचे आहेत अशी माझी समजूत होती. (अशा वेळी दुसरी कोणती समजूत असणार!) मी सर्व वह्या चोख दिल्या, त्यांना चहाही पाजला. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. माण तालुक्यातला एक गरीब मुलगा सकाळी घरोघर दूध घालून शिकत असे. पहिल्या तासास त्याला येववत नसे. त्याने दुसऱ्या तुकडीत बसावे आणि हजेरी मी त्याच्या तुकडीत मांडावी, असे आमचे ठरले होते. कागदावर काही नव्हते. नव्या गृहस्थांनी नियमाप्रमाणे गैरहजेरी मांडली, वर्षअखेरीस हजेरी भरली नाही, आणि मुलाचे वर्ष गेले. मी विसरलो होतो असे म्हणता आले असते तर किती बरे झाले असते! ते अगदी जिभेवर आले होते. परंतु यांची थोडी धांदल उडावी आणि माझी आठवण निघावी, एवढी क्षुद्र इच्छा आड आली.

पुढच्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या एस. टी. स्टँडवर तो भेटला. म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं असणारच. नव्या सरांच्या ध्यानात राहिलं नसेल." मी काही बोललो नाही. तेवढ्यात त्याची गाडी लागली.

त्या मुलाने कोणाशीच करार केला नव्हता. संस्थेने मला कसे वागविले आणि उत्तराधिकाऱ्याची योग्यता काय, या दोन्ही हिशेबांत त्याचे नाव कोठेच नव्हते. तरी दंड त्याने भरला. मग निघताना सर्वच ओकून टाकावे काय? तसेही नव्हे. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी मला चार्ज देताना कोण द्वाड आणि कोण मठ्ठ याची यादीच दिली होती. तो चष्मा डोळ्यांवरून उतरविण्यात माझे अर्धे वर्ष गेले. आपण दिलेले शब्द मागे ठेवावे, आपली मते बरोबर न्यावी, असे मला वाटते. व्यवहारात ही दोन इतकी एकमेकांत मुरलेली असतात, की निवडणे सोपे नाही.

हे सर्व मी त्या तरुण प्राध्यापकांस सांगितले, स्टँडवरचे मौनही वगळले नाही. ते काही बोलले नाहीत. टेबलावरची एक वही परत ओढून शेवटच्या कोऱ्या पानावर लिहू लागले. शिपाई दिवे मालवायला आला तेव्हा पाऊण पान भरले होते. एका नावापाशी हात थांबवून त्यांनी विचारले, "हिची परीक्षा-फी मी भरली होती. तेही लिहू का?"

मला चटकन उत्तर सुचले नाही.